रोलर मीच खोलला

अकरा वाजून दोन मिनिटं. अंशूची मान लाल झाली. आधी कानाच्या मागं, मंग गाल, मंग छाती. पोट्टा दोन्ही हातानं मान खाजवून राहिला होता, हाताची सुई निघते का राहते त्याचं त्याले भान नाई, "मम्मी, चाबते, मम्मी, मुंग्या." मी चादर झटकली. मुंगी एक नाई. चार वर्षांचं लेकरू, चौदा किलो वजन, आणि गळ्यापासून बेंबीपर्यंत जसं कोणी गुलाल फासला.

मी ओरडली, "सिस्टर!" बेल बेडच्या डोक्याशी होती. माह्यानं ती दाबल्या गेली नाई. फोर्समध्ये सहा वर्षं काढली मी, आणि त्या दिवशी बोट बटनावर जाईना.

भूमिका सिस्टर धावत आली. ड्यूटीवर ती एकटीच, बावीस-तेवीस वर्षांची, महासमुंदकडली पोट्टी. तिनं आधी पोराकडं नाई पाहिलं, वर बाटलीकडं पाहिलं आणि रोलर, म्हणजे नळीवरचं थेंब कमी-जास्त करायचं चाक, फटकन बंद केला. मंग मले म्हणे, "दीदी, हटो." मी हटली. अकरा वाजून तीन मिनिटं.

आता आधीचं सांगते, नाही तर तुम्हाले समजायचं नाई.

आमच्या इथल्या मराठी मंडळानं अंकासाठी माजी सैनिकांच्या आठवणी मागितल्या. मी म्हटलं, मी काय लिहू, माही दहावी दुसऱ्या झटक्यात निघाली, जीडी कॉन्स्टेबल, म्हणजे साधी शिपाई, म्हणून लागली आणि जीडी कॉन्स्टेबल म्हणूनच सोडून आली. ते म्हणे, बोलते तसं लिही. तर बोलते तसं लिहून राहिली. पोस्टिंग बस्तरच्या जंगलात, कॅम्पात आम्ही चौदा लेडीज. सकाळी साडेचारले फॉल-इन, साडेपाचले रोड ओपनिंग पार्टी निघे, म्हणजे गाड्या जायच्या आधी रस्ता पायी तपासायचा. अंशू झाला, एक वर्षाचा झाला, मंग मी घरी बसली. माहे मालक, म्हणजे अंशूचे पप्पा, पंडरीच्या बाजारात कपड्याच्या दुकानात आहे. सासू सोबत राहते. बस, एवढं घर.

अंशूच्या पायाले गुडघ्याच्या खाली लागलं होतं. खेळताना पडला, आम्ही हळद लावली. आठ दिवसांनी ताप, पाय जमिनीवर ठेवू देईना. मोठ्या दवाखान्यात आणलं तर डॉक्टर मॅडम म्हणे, हाडात पू आहे. ऑपरेशन करून पू काढला आणि तपासाले पाठवला. तोपर्यंत एक इंजेक्शन चालू होतं. चार दिवस दिलं, ताप एकशेतीनच्या खाली येईना. पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. जंतू असा हट्टी निघाला की नेहमीच्या इंजेक्शनाले दाद देत नाई. मंग व्हँकोमायसिन लावलं. वॉर्डात सगळे व्हँको म्हणतात.

मले सवय आहे, जे हत्यार हाती देतील त्याची माहिती विचारायची. मी मॅडमले विचारलं हे करते काय. त्या म्हणे, जंतू आपल्याभोवती भिंत बांधून राहते, हे औषध ती भिंत बांधू देत नाई, भिंत नाई तर जंतू फुटून मरते. मी म्हटलं मंग गोळी काहून नाई देत, पोराले टोचता काहून? म्हणे, तोंडानं दिलं तर हे पोटातच राहते, रक्तात जात नाई, हाडापर्यंत पोचत नाई. शिरेतूनच द्यावं लागते. दर सहा तासांनी. किडनीवर जोर येऊ शकते म्हणून लघवी मोजायची, रक्त तपासायचं, रक्तात औषध किती उरलं तेही पाहायचं. लघवीचं काम माह्याकडं. मी वहीत टाइम टाकून लिहिलं, एक डोस, एक लघवी सोडली नाई. भूमिका सिस्टर हसे, "दीदी, आप तो हमारा रजिस्टर भी भर दो."

त्या दिवशी, म्हणजे व्हँकोचा तिसरा दिवस, सकाळी सहाले थर्मामीटर लावला तर नव्व्याण्णव. बारा दिवसांत पहिल्यांदा. पोट्टा स्वतःहून म्हणे, चीला पाहिजे, म्हणजे आपलं तांदळाचं धिरडं. सासूबाईनं वॉर्डातल्या वॉर्डात हात जोडले. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि दोन मिनिटं नळ चालूच ठेवला.

म्हणजे औषध लागू पडलं होतं. हे ध्यानात ठेवा.

दहा वाजताचा डोस पंपावर लागायचा. पंप म्हणजे छोटी मशीन, औषध बरोबर एका तासात सोडते, आपल्याले हात लावायचं काम नाई. पण साडेनऊले बाजूच्या वॉर्डात एक लहान बाळ आलं, ते लय सीरियस, पंप तिकडं गेला. भूमिका सिस्टरनं औषध मापाच्या डब्बीत भरून साध्या ड्रिपनं लावलं. साठ एमएल, एक तास. ह्या डब्बीचा थेंब बारीक, साठ थेंबांचा एक एमएल; घड्याळ धरून थेंब मोजले, एका मिनिटाले साठ, एका सेकंदाले एक. दहा पस्तीसले चालू केलं. हे मले नंतर समजलं. मी तेव्हा खाली मेडिकलमध्ये लाइनीत होती. सिस्टरनं सासूबाईले सांगतलं, "अम्मा, इसको छूना मत, एक घंटा चलेगा." सासूबाईनं मान हलवली. "हव."

मी दहा पंचावन्नले वर आली. पंप दिसला नाई. ड्रिप लटकून होती, आणि थेंब असे बारीक, असे बारीक, जसं नळाचं पाणी जायच्या टाइमले पडते. मले वाटलं लाइन जाम होऊन राहिली. आम्हाले कॅम्पात शिकवलं होतं, जखमीले ड्रिप लावली आणि थेंब हळू पडला तर वाट नाई पाहायची, बाटली वर उचलायची, रोलर फुल खोलायचा, गरज पडली तर बाटली पिळायची. माह्या हाताले तेच माहीत.

सासूबाई म्हणे, "वो, हात काहून लावते? सिस्टरनं लावलं ना."

मी म्हटलं, "आई, मले येते हे. फोर्समध्ये शिकली मी."

"मले तं सिस्टरनं..."

"तुम्ही बसा ना आई."

आणि मी रोलर फुल खोलला. थेंबाची धार झाली. मले बरं वाटलं, खरं सांगते, मले वाटलं आपण कामाचं काही केलं. दहा छप्पन.

सहा मिनिटांनी पोट्टा लाल.

आता परत तिथं या. अकरा तीन. भूमिका सिस्टरनं औषधाची नळी काढली, साधं सलाइन लावलं, बोटाले चिमटा लावला, बीपीचा पट्टा गुंडाळला. डॉक्टर मॅडम आल्या तेव्हा अकरा पाच. मॅडम आपल्या मराठीच, तात्यापारा मोहल्ल्यातल्या, जुन्या घरच्या, पण वॉर्डात घाई असली की हिंदीत बोलतात.

"ऑक्सीजन?"

"अट्ठानवे, मैडम."

"बीपी?"

"थोड़ा कम है."

मॅडमनं छातीले स्टेथोस्कोप लावला. ओठ पाहिले, जीभ पाहिली. "एविल दो, अभी. सलाइन चलने दो." एविल, म्हणजे खाज दाबायचं इंजेक्शन, गेलं. मॅडम पोराजवळून हलल्या नाई. दुसऱ्यांदा बीपी घेतला. "ठीक है. आ रहा है." मंग सिस्टरकडं वळल्या.

"रेट क्या था?"

"साठ ड्रॉप, मैडम."

"पक्का?"

"मैडम, मैंने खुद गिना था. घड़ी से."

मॅडमनं वर डब्बीत पाहिलं. पाच-सात एमएल उरलं होतं. "साठ ड्रॉप पे आधे घंटे में इतना कैसे गया?"

सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. बाजूच्या बेडवालीनं चहा पिणं थांबवलं. मॅडम म्हणे, "देखो, दवा कम भरी थी या तेज गई, मुझे नहीं मालूम. अगर साठ पे ये हुआ है, तो ये एलर्जी है. फिर मैं इसको व्हँको दोबारा नहीं दे सकती. फाइल पे लाल पेन से लिखना पड़ेगा, जिंदगी भर के लिए. और अगर तुमने तेज छोड़ा है तो अभी बोलो."

सिस्टर म्हणे, "नहीं छोड़ा, मैडम."

मॅडमनं फाइल ओढली. खिशातून लाल पेन काढला.

सासूबाईनं माहं मनगट धरलं. लय जोरात. कानाशी येऊन म्हणे, "गप राय. एक शब्द बोलू नोको. हाकलून देतीन आपल्याले इथून. पोट्टा बरा झाला ना, संपलं."

आणि मी गप राहिली. किती वेळ ते नाई सांगता येत. घड्याळ समोर होतं, मी पाहिलं नाई.

गप राहायची मले एक सवय होती. ती कुठून लागली ते सांगते.

कॅम्पात आमचे एक नर्सिंग असिस्टंट होते, हेड कॉन्स्टेबल, सगळे त्यांले उस्ताद म्हणत. चाळिशीचे, चश्मा दोऱ्यानं बांधलेला, चहात साखर चार चमचे. लेडीजले फर्स्ट एड तेच शिकवत. ड्रिप, पट्टी, टूर्निके. टूर्निके म्हणजे रक्त थांबवायले हातापायाले करकचून बांधतात तो पट्टा. उस्ताद म्हणत, पट्टा बांधला की टाइम लिहायचा, जखमीच्या कपाळावर लिहायचा, पेन नसला तर रक्तानं लिहायचा. कारण पुढचा डॉक्टर टाइम पाहून ठरवते. आणि एक म्हणत, "जो किया, वो बोलो. गलत किया, वो पहले बोलो." आम्ही हसून राहत जाऊ. एक पोट्टी त्यांची नक्कलही करे.

मंग एक दिवस रोड ओपनिंगमध्ये आठ चाळीसले ब्लास्ट झाला. उस्ताद स्वतःच जखमी होऊन खाली पडले होते. उजवा पाय. सगळ्यात जवळ मी. रेडिओवर कमांडर ओरडून राहिले, "कैजुअल्टी? कितनी कैजुअल्टी? ओवर." मी पट्टा बांधला. उस्तादचीच पिशवी खोलून त्यांलेच ड्रिप लावली. त्यांनी डोळे उघडले, म्हणे, "फुल खोल, रंजना. और खोल." मी खोलला. बाटली पिळली. पण टाइम लिहिला नाई. घड्याळ पाहिलंच नाई मी. मले आठवण आली तेव्हा हेलिकॉप्टर उतरून राहिलं होतं.

हेलिकॉप्टरमधल्या डॉक्टरनं विचारलं, "टूर्निके कब बांधा?"

मी म्हटलं, "आठ पचास, सर."

तोंडात आलं ते सांगतलं. आठ पंचेचाळीस असन, नऊ असन, मले माहीत नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं. उस्ताद दुपारीच गेले. नंतर आमच्या मेडिकल ऑफिसर साहेबानं सगळ्यांले बसवून सांगतलं, रक्त आधीच एवढं गेलं होतं की कोणाच्या हातात काही नव्हतं. मी मागं उभी होती. त्यांनी टाइमचं विचारलं नाई, मी सांगतलं नाई.

तर तो लाल पेन फाइलवर टेकला आणि मले उस्तादचा चश्मा दिसला, दोऱ्यावाला. मी मनगट सोडवलं. कसं झालं माहीत नाई, मी सावधानमध्येच उभी राहिली, टाचा जोडून, वॉर्डाच्या मधोमध, चप्पल घालून. आणि रेडिओवर जखमींचा रिपोर्ट देताना बोलतात तसंच बोलली.

"मैडम. दस छप्पन पे रोलर मैंने खोला. पूरा. सिस्टर का रेट सही था. ग्यारह दो पे लाल हुआ. ग्यारह तीन पे सिस्टर ने बंद किया. गलती मेरी है."

सासूबाईनं कपाळावर हात मारला.

मॅडम म्हणे, "पूरा खोला?"

"हां मैडम. पूरा."

मले वाटलं आता पडते शिवी. मॅडम अंशूच्या बेडवर बसल्या. बसल्या म्हणजे धपकन बसल्या. पेनचं टोपण लावलं. आणि मराठीत म्हणे, "अहो बाई, आधी नाही का सांगायचं! मी इकडं चार वर्षांच्या पोराचं चांगलं औषध बंद करायला निघाले होते."

मंग त्यांनी सांगतलं, आणि मी ते जसंच्या तसं सांगून राहिली, कारण तुमच्याही घरी लेकरं आहेत. हे औषध धावत गेलं की अंगातल्या काही पेशी भडकतात आणि खाज आणणारं रसायन एकदम सोडून देतात. माणूस लाल होते, खाजवते, बीपी पडू शकते. जास्तच पडला तर जिवावर येते. पण तेच औषध हळू दिलं, तर तेच लेकरू आरामात घेते. ही खरी एलर्जी नाई. खरी असती तर ओठ सुजले असते, छातीत शिट्टी वाजली असती, आणि थेंबभरही परत देता आलं नसतं. "दुसरी औषधं आहेत," मॅडम म्हणे, "पण ताप ह्यानं उतरला आहे, माझा भरवसा ह्याच्यावर आहे. आज संध्याकाळचा डोस मी स्वतः उभी राहून देते. दोन तास लावून, हळू."

जाता जाता थांबल्या. "आणि रंजनाताई, ते तुमचं जंगल होतं. तिथं रक्त गेलेल्या माणसाला पाणी भरायचं असतं. इथं बाटलीत पाणी नाही, औषध आहे. कोणत्याही ड्रिपला हात लावायचा नाही. माझ्या बापाची असली तरी नाही."

"जी मैडम."

अंशूची लाली साडेअकरापर्यंत उतरली, उलिशी कानाच्या मागं राहिली. एविलनं त्याले झोप आली. भूमिका सिस्टर बाहेर कॉरिडॉरमध्ये उभी होती. मी गेली, म्हटलं, सिस्टर, माफ करो. तिनं नाक पुसलं. म्हणे, "दीदी, आपने नहीं बोला होता ना, तो मेरी नौकरी गई थी आज." मंग उलिसं थांबून, "फोर्स में थे तो बॉर्डर पे रोलर खोलना, मेरे वार्ड में नहीं." आणि हसली. मीही हसली, आणि मंग दोघी रडलो, आणि मंग तिले अकरा नंबरवाल्यानं आवाज दिला.

सासूबाई दुपारभर माह्याशी बोलली नाई. तीन वाजता डब्बा खोलला, माह्यापुढं पोळी ठेवली आणि म्हणे, "माहंही चुकलं. मले तिनं सांगतलं होतं, छूना मत. तू मले बोलूच नाई देलं."

मी म्हटलं, "मी ऐकलंच कुठं, आई."

"तं आता ऐकत जाय." आणि स्वतःची शाल काढून माह्या दोन्ही हातांवर टाकली. "संध्याकाळी हे हात ह्याच्यातून काढले तं पाहून घे."

साडेचारले एविल. पाचले व्हँको चालू, पंप परत मिळाला होता. मॅडम घड्याळ पाहून उभ्या. मी शालीत हात घालून बसली. पाच दहा, काही नाई. पाच पंधरा, मॅडमनं मानेवरून बोट फिरवलं, काही नाई. पाच वीसले अंशू जागा झाला, मॅडमले पाहून म्हणे, "चीला आणला का?" मॅडम म्हणे, मी डॉक्टर आहे रे, हॉटेलवाली नाही. सहाले काही नाई. सात वाजता पंपानं टीं टीं केलं. संपलं. वहीत टाइम टाकायले मी शालीतून एकच हात काढला, सासूबाईले विचारून.

त्या दिवसापासून प्रत्येक डोस दोन तास. एकदाही लाल नाई झाला. ताप परत आला नाई. किडनीचे रिपोर्ट चांगले आले. पुढं गोळ्यांवर आणलं, घरी सोडलं. आता अंशू गल्लीत सायकल चालवते, थोडा लंगडते, मॅडम म्हणे तेही जाईन. अंशूच्या फाइलवर लाल पेनचं काही नाई. काळ्या पेननं एवढंच लिहून आहे की ह्या मुलाले व्हँको हळू द्यावं.

म्हणजे सगळं ठीक झालं. रात्री मले झोप लागते.

पण उस्तादचं सांगायचं राहिलं. त्यांच्या बायकोशी दर वर्षी ब्लास्टच्या तारखेले फोनवर बोलणं होते. मी फोन नाई केला तर त्या करतात. पोरगी कॉलेजात गेली ते सांगतात, अंशूचं विचारतात. दर वेळी एक गोष्ट म्हणतात, "तू होतीस ना जवळ, तू सगळं बरोबर केलं, मले साहेबानं सांगतलं." मी हव म्हणते. ह्या वर्षी त्यांले अंशूचं पूर्ण सांगतलं, रोलरचंही सांगतलं. त्या ऐकून घेऊन म्हणे, "हे तुले त्यांनीच शिकवलं."

तेव्हाच फोनवर सांगायचं होतं, आठ पन्नासचं, की तो टाइम मी अंदाजानं ठोकला होता. साहेब म्हणे फरक पडला नसता. मले साहेबावर भरवसा आहे. ती बाई वीस वर्षं ज्या माणसाच्या चहात चार चमचे साखर टाकत आली, त्याच्याबद्दल तिच्याजवळ आता एवढंच उरलं आहे की शेवटी सगळं बरोबर झालं. फोन चालू होता. तिकडं त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, वहिनी, तब्येतीले जपा.

तुम्ही माह्या जागी असता, तर काय केलं असतं?